जिन्यावरचे फिनेल आणि खाडीतला गाळ

वरळीतील आमच्या इमारतीचा जिना दर रविवारी सकाळी धुतला जातो. जिना धुणाऱ्या मावशी बादलीत पाणी भरतात, बाटली तिरकी करून अंदाजाने फिनेल ओततात, आणि क्षणात ते पाणी दुधासारखे पांढरे होते. लहानपणी जखमेवर लावायच्या तपकिरी जंतुनाशकाचे दोन थेंब वाटीतल्या पाण्यात पडताच असाच पांढरा ढग पसरायचा, आणि पाणी जितके पांढरे तितके औषध जालीम, असे घरात सगळ्यांनाच वाटायचे. वास्तविक तो पांढरेपणा ताकदीचा पुरावा नसतो. बाटलीतील पदार्थ साबणाच्या किंवा अल्कोहोलच्या आधाराने विरघळून राहिलेला असतो. भरपूर पाणी मिळाले की तो आधार सुटतो, आणि पाण्यात विरघळण्यास नाखूश असलेल्या त्या तेलकट पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन त्यांवर प्रकाश विखुरतो. आपल्याला दिसतो तो पाण्याशी न जमणाऱ्या रेणूंचा घोळका.

मुंबईच्या किनाऱ्यावर जंतुनाशकांचे, सुगंधी द्रव्यांचे आणि सौंदर्यप्रसाधनांतील रसायनांचे पुढे काय होते, याची किल्ली बऱ्याच अंशी या पांढऱ्या ढगात आहे. एखादे रसायन पाण्याला पसंत करते की चरबीला, हे मोजण्याची शास्त्रज्ञांची पद्धत सोपी आहे. एका भांड्यात पाणी आणि ऑक्टॅनॉल नावाचे तेलकट द्रव्य घ्यायचे, त्यात ते रसायन टाकून हलवायचे, आणि दोन्ही थर वेगळे झाल्यावर कोणत्या थरात ते किती गेले हे पाहायचे. मीठ जवळजवळ सगळेच पाण्यात राहते. जंतुनाशक साबणांत अनेक वर्षे वापरले गेलेले ट्रायक्लोसॅन मात्र तेलकट थरात पाण्याच्या पन्नास हजार पटींहून अधिक जमा होते, आणि धुण्याच्या पावडरीपासून अत्तरापर्यंत सर्वत्र वापरले जाणारे गॅलॅक्सोलाइड हे कृत्रिम कस्तुरीगंधाचे द्रव्य त्याच्याही पुढे आहे. अशा पदार्थाला समुद्रात सोडले की तो पाण्यात फार काळ रमत नाही. गाळाचा सेंद्रिय भाग, शेवाळाची पेशी, कालवाचे मांस, माशाची चरबी असे जे काही वाटेत येईल त्यात तो शिरतो.

आता जिन्यावरून निघालेल्या पाण्याची वाट पाहू. मुंबईला दररोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते, आणि पुरवलेल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग सांडपाणी म्हणून परत येतो असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. या सांडपाण्यासाठी शहराचे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप असे सात विभाग पाडलेले आहेत. वरळी आणि वांद्रे येथील व्यवस्थेची मूळ कल्पना अशी की जाळ्यांनी कचरा अडवायचा, वाळू खाली बसू द्यायची, आणि उरलेले मैलापाणी समुद्राच्या तळावरून गेलेल्या सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून खोल पाण्यात सोडून द्यायचे. ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. विष्ठेतील जंतूंना खारे पाणी आणि सूर्यप्रकाश मानवत नाही, ते काही तासांत मोठ्या संख्येने मरतात. अन्नाचे अवशेष समुद्रातील सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. आणि भरती-ओहोटी बाकीचे पांगवते. माणसाच्या पोटातून आलेल्या घाणीपुरता हा हिशेब ठीक होता. बाटलीतून आलेल्या रसायनांचा विचार त्यात नव्हता, आणि जाळीने अडणारे किंवा वाळूबरोबर खाली बसणारे त्यांत जवळपास काहीच नसते.

शिवाय शहरातील सगळेच सांडपाणी त्या वाहिन्यांपर्यंत पोहोचत नाही. ज्या वस्त्यांना मलनिस्सारणाची जोडणी नाही तेथील मोऱ्यांचे पाणी उघड्या गटारातून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते. विहार आणि पवई तलावांच्या खालून निघणारी मिठी नदी जेमतेम अठरा किलोमीटर लांबीची आहे, आणि माहीमच्या खाडीत उतरेपर्यंत तिने कुर्ला आणि धारावीच्या परिसरातील बरेच काही पोटात घेतलेले असते.

या सगळ्या रसायनांना एकाच माळेत ओवणे मात्र चुकीचे ठरेल, कारण त्यांतील प्रमुख तिघांची वागणूक एकमेकांपासून अगदी भिन्न आहे.

ट्रायक्लोसॅन हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला पदार्थ. जीवाणूंना स्वतःचे पेशी-आवरण बांधण्यासाठी जी मेदाम्ले लागतात, ती तयार करणारे एक विकर (एन्झाइम) ट्रायक्लोसॅन अडवून धरते. हातावरील जीवाणूसाठी ही गोष्ट प्राणघातक असते, पण समुद्रात गेल्यावर तेथील शेवाळालाही ती त्रासदायक ठरते. प्रयोगशाळेत काही संवेदनशील शेवाळांची वाढ प्रति लिटर एक मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या प्रमाणातही मंदावते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016 मध्ये ट्रायक्लोसॅन आणि ट्रायक्लोकार्बनसह 19 घटकांना घरगुती जंतुनाशक साबणांतून काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यामागचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: साध्या साबणापाण्यापेक्षा हे साबण अधिक उपयोगी आहेत आणि दीर्घकाळ वापरण्यास सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. भारतात तामिळनाडूतील कावेरी, वेल्लार आणि तामिरपरणी या नद्यांच्या पाण्यात ट्रायक्लोसॅन सापडल्याचे संशोधकांनी नोंदवलेले आहे. सूर्यप्रकाशात ते मोडते हे खरे, पण मोडताना त्याच्या काही अंशापासून डायॉक्सिन या विषारी संयुगांच्या कुळातील एक, तुलनेने सौम्य, संयुग तयार होते. आणि प्रक्रिया केंद्रातील जीवाणू त्याच्या काही भागावर मिथाइल गट चढवून जे नवे रूप तयार करतात, ते मूळ पदार्थापेक्षाही अधिक चरबीप्रिय असते. म्हणजे मूळ रसायन मोजून ते कमी झाले म्हणताना त्याची पिल्ले मोजायची राहून जातात.

दुसरा गट क्वाटर्नरी अमोनियम संयुगांचा, ज्यांना रसायनांच्या व्यवसायात थोडक्यात क्वाट म्हणतात. लादी पुसण्याच्या रंगीत, सुवासिक द्रवांत यांचा मोठा वापर होतो. त्यांतील सर्वपरिचित बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे घाऊक बाजारात बीकेसी या नावानेच मागितले जाते. मुंबईकराला बीकेसी म्हटले की वांद्रे-कुर्ला संकुलातील मिठीकाठच्या काचेच्या इमारती आठवतात, आणि त्या इमारतींच्या लाद्या पुसलेले पाणी मिठीच्याच परिसरात उतरते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. क्वाटच्या रेणूला धन विद्युतभार असतो आणि जीवाणूच्या आवरणाला ऋण. त्यामुळे क्वाट त्याला चिकटतो आणि आपली तेलकट शेपटी आवरणात खुपसून ते फाडतो. पण चिखलाच्या कणांवरही ऋण भारच असतो. म्हणून खाडीत पोहोचलेला क्वाट पाण्यात कमी आणि गाळात जास्त सापडतो. भरपूर ऑक्सिजन असेल तर जीवाणू त्याला हळूहळू खाऊन संपवतात. परंतु माहीम किंवा ठाण्याच्या खाडीतला काळा चिखल काठीने उकरला की कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो त्या थरात ऑक्सिजन उरलेला नाही याचीच खूण असते, आणि तेथे क्वाटचे विघटन जवळजवळ थांबते. 2020 नंतर, कोविडच्या साथीमुळे, क्वाटचा वापर जगभर वाढला.

येथे क्वाटच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. धुण्याच्या पावडरीतील फेसकारक द्रव्याला ऋण भार असतो, आणि सांडपाण्यात दोघांची जोडी जमली की क्वाटचा जहालपणा बराच कमी होतो. हीच गोष्ट घरातही घडते. लादी पुसण्याच्या बादलीत जंतुनाशक द्रवाबरोबर मूठभर धुण्याची पावडर टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. अशा वेळी दोन्ही पदार्थ एकमेकांना निकामी करतात आणि लादीवर दोघांचाही धड उपयोग होत नाही.

तिसरा पदार्थ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. 2020 च्या उन्हाळ्यात इमारतींचे जिने, रस्ते, बाजार, एवढेच नव्हे तर माणसेही त्याच्या फवाऱ्याखाली आली. एप्रिल महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर अशी फवारणी करू नये असे सांगावे लागले, आणि मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यांवरील फवारणीचीही शिफारस करत नसल्याचे स्पष्ट केले. ब्लीच वरच्या दोघांसारखे चिवट नाही. घाण दिसली की ते तिच्याशी भिडते आणि त्यातच स्वतः संपून जाते. मात्र समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 65 मिलिग्रॅम ब्रोमाइड असते, आणि त्याच्याशी गाठ पडताच क्लोरीन आपले काम ब्रोमीनकडे सोपवते. मग सेंद्रिय पदार्थाशी संयोग होऊन ब्रोमोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. काही समुद्री शेवाळे स्वतःही ब्रोमोफॉर्म बनवतात, त्यामुळे ते सापडले की लगेच माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. तरी समुद्राच्या पाण्यात क्लोरीन ओतण्याचे परिणाम नळाच्या पाण्याच्या अनुभवावरून ठरवता येत नाहीत, एवढे यातून निश्चित कळते.

सौंदर्यप्रसाधनांची यादी लांबलचक आहे, तिच्यातील दोन-तीन नावेच घेतो. केसांना मऊपणा देणारी वलयाकार सिलिकॉने, डी-4 आणि डी-5, युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत 31 जानेवारी 2020 पासून 0.1 टक्क्यावर रोखली. कोंड्याच्या शाम्पूतील झिंक पायरिथिऑनवर तेथे मार्च 2022 पासून बंदी आहे. हेच द्रव्य जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगातही घालतात, यावरून त्याचे समुद्री जीवांशी नाते काय असेल ते समजावे. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनविरुद्ध हवाई राज्याने 2018 मध्ये कायदा केला आणि तो 2021 पासून लागू झाला, पण त्याचा प्रवाळांवर प्रत्यक्ष समुद्रात किती परिणाम होतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मुंबईत समुद्रस्नानासाठी सनस्क्रीन चोपडून उतरणारे लोक थोडे. येथे ते संध्याकाळी चेहरा धुताना बेसिनमधून समुद्राकडे निघते. आणि मुंबईला प्रवाळ नाहीत असा समज असेल तर तो सोडावा: सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळांच्या छोट्या वसाहती उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या होत्या.

इथपर्यंत आल्यावर कोणीही विचारील की एवढ्या मोठ्या समुद्रात हे असे कितीसे असणार. प्रमाण खरोखरच सूक्ष्म असते, आणि ते डोळ्यांपुढे आणण्यासाठी विहार तलाव कामास येतो. काठोकाठ भरलेल्या विहारमध्ये सुमारे 27,700 दशलक्ष लिटर उपयुक्त साठा असतो. त्यात एखाद्या रसायनाचे प्रमाण प्रति लिटर एक नॅनोग्रॅम करायचे असेल तर संपूर्ण तलावात त्याचे सुमारे 28 ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच चमचे मीठ भरेल एवढेच, टाकावे लागेल. मायक्रोग्रॅम ही त्याच्या हजारपट मोठी मोजणी. तेव्हा 28 किलोचे पोते लागेल.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब मांडू. समजा शहरातील 25 लाख घरांत रोज लादी पुसताना प्रत्येकी 20 मिलिलिटर द्रव वापरला जातो. त्याचे रोज 50,000 लिटर होतात, म्हणजे सोसायट्यांमध्ये येतात तसले दहा हजार लिटरचे पाच टँकर. त्यात क्वाट एक टक्का धरला तर शुद्ध क्वाट सुमारे 500 किलो. हे शहराच्या सगळ्या सांडपाण्यात समान मिसळले असे मानले तरी दर लिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या पुढे आकडा जातो. हे आकडे मी समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण पाण्यातील पिसूसारखे छोटे जीव दर लिटरला काही मायक्रोग्रॅम ते काही दहा मायक्रोग्रॅम एवढ्या क्वाटनेही लुळे पडतात, ही प्रयोगशाळेत मोजलेली गोष्ट आहे.

समुद्र त्या सांडपाण्याला पांगवतो, पण सगळीकडे सारखे पांगवत नाही. वरळीच्या वाहिनीच्या तोंडाशी खुला समुद्र आहे. ठाण्याची खाडी मात्र सुमारे 26 किलोमीटर लांब आणि वरच्या टोकाला चिंचोळी होत गेलेली आहे. पावसाळा सोडला तर तिच्यात गोडे पाणी फारसे येत नाही, आणि घाटकोपर व भांडुपचे सांडपाणी तिच्याच वाट्याला येते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीचा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, तेव्हा खाडीतून प्रचंड पाणी आत-बाहेर करते, हे खरे. परंतु ओहोटीला बाहेर गेलेल्या पाण्यातील बरेचसे पुढच्या भरतीला परत येते, आणि चिखलाला चिकटलेले रसायन तर पाण्याबरोबर बाहेर जातच नाही. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात. किनारा सांभाळणारा हा त्यांचा गुण येथे गाळाबरोबर त्याला चिकटलेलेही धरून ठेवतो. त्याच चिखलावर वाढणारे सूक्ष्म शेवाळ रोहित पक्षी चोचीने गाळून खातात. ज्यांच्यासाठी 2015 मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्या पक्ष्यांच्या ताटात नेमके काय पडते, हा प्रश्न पाण्याच्या बाटलीभर नमुन्यातून सुटणार नाही. त्यासाठी गाळ तपासावा लागेल.

गाळाइतकाच चांगला साक्षीदार शिंपल्यात मिळतो. मोठ्या ओहोटीला वांद्र्याच्या बँडस्टँडखाली खडक उघडे पडले की टोकदार लोखंडी हत्याराने कालवे फोडत बसलेल्या कोळणी दिसतात. खडकाला जन्मभर चिकटलेले ते कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांमधून गाळत असते आणि पाण्यातील चरबीप्रिय पदार्थ अंगात साठवत असते. शिणाणे नावाचे शिंपलेही तेच करतात. हे हेरून अमेरिकेचे सागरशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्यांवर पहारा ठेवण्याची कल्पना मांडली, आणि अनेक देशांनी ती उचलली.

मग मासळी खावी की नाही? माझे मत असे की या विशिष्ट रसायनांच्या भीतीने बोंबील सोडण्याचे कारण नाही. ट्रायक्लोसॅन घातलेली टूथपेस्ट किंवा साबण वापरणाऱ्याच्या शरीरात ते माशांतून येण्याच्या कितीतरी पट अधिक त्या वापरातूनच शिरते. नाल्याच्या तोंडाशी काढलेली कालवे अर्धीकच्ची खाण्यात धोका आहे तो मुख्यतः विष्ठेतील जंतूंचा.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची. जंतुनाशक अपुऱ्या प्रमाणात, पण सतत मिळत राहिले की त्याला पुरून उरणारे जीवाणू मागे राहतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे क्वाट पेशीबाहेर फेकणारे पंप असतात, आणि या पंपांची जनुके बऱ्याचदा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांच्या शेजारीच, एकाच फिरत्या तुकड्यावर बसलेली असतात. लादीच्या द्रवाने एकाची निवड झाली की दुसरे आपोआप बरोबर येते. नाल्यात तर विष्ठेतील जीवाणू, उरलीसुरली प्रतिजैविके आणि जंतुनाशके एकाच ठिकाणी भेटतात.

आपल्याकडे किनाऱ्याच्या पाण्याचे निकष ठरलेले आहेत. पोहण्यायोग्य पाण्यासाठी आम्लता, विरघळलेला ऑक्सिजन, जैविक ऑक्सिजन मागणी, गढूळपणा आणि विष्ठाजन्य जीवाणू तपासले जातात. ट्रायक्लोसॅन, क्वाट किंवा कस्तुरीगंध त्या यादीत नाहीत. त्यामुळे एखादी चौपाटी निकषात बसली तरी या रसायनांविषयी त्यातून काहीच कळत नाही.

जानेवारी 2023 मध्ये भूमिपूजन झालेल्या सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज 2,464 दशलक्ष लिटर आहे, आणि त्यांतील 500 दशलक्ष लिटर एकट्या वरळीत. जीवाणूंच्या साहाय्याने होणारी अशी प्रक्रिया पाण्यातील बहुतांश ट्रायक्लोसॅन आणि क्वाट काढू शकते, हे अन्यत्र दिसून आलेले आहे. त्यांचा काही भाग खरोखर मोडतो, तर बराच भाग केंद्रातील गाळाला चिकटून पाण्यावेगळा होतो. तो गाळ खत म्हणून शेतात जाणार, जाळला जाणार की भरावात टाकला जाणार, यावर त्या रसायनांचा पुढचा पत्ता ठरेल.

बाटलीतला घटकच बदलला तर काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे. पहिल्या पिढीच्या धुण्याच्या पावडरींतील फेसकारक रेणूंना फाटे असत, जीवाणूंना ते फाटे पचत नसत, आणि 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगत असत. 1960 च्या दशकात उत्पादकांनी सरळ साखळीचे रेणू वापरण्यास सुरुवात केली आणि ते डोंगर बऱ्याच अंशी ओसरले. तो फेस लोकांना दिसत होता, म्हणून ओरडही झाली. क्वाट दिसत नाही आणि कस्तुरीगंध तर आवडतो.

आमच्या सोसायटीपुरते म्हणाल तर मी एवढेच केले की बाटलीवरचे प्रमाण मावशींना वाचून दाखवले आणि मापाचे झाकण बादलीला दोरीने बांधून दिले. पूर्वी तीन-चार झाकणे जात होती, आता एक जाते. महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा तो तीन महिने पुरतो. जिना तेवढाच स्वच्छ निघतो. पहिल्याच रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या, त्यांनी दोनदा नाक वर करून हुंगले आणि विचारले, "मावशी, आज जिना धुतला नाहीत का?"